पाण्यातली पाकट दिसते तिथे नसते

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा लेखी मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे, आणि त्यातला बराचसा भाग तुम्ही आपल्या ग्रुपवर फोटोंमधून पाहून कंटाळलेलेही आहात. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. तिची सुरुवात आपल्याच ग्रुपवर झाली.

गेल्या गणपतीच्या सुमारास कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. उथळ समुद्रात होडी, होडीच्या नाळीवर उभा असलेला माणूस, त्याच्या हातात धनुष्य. पाण्यात पाकट दिसते, बाण सुटतो, दोरी ताणली जाते आणि पाकट वर येते. व्हिडिओ मी राहतो त्याच भागातला होता. आपल्यातला एक मित्र आता पर्यटकांसाठी घरगुती निवास आणि होडी चालवतो. त्याने लगेच विचारलं, “आपल्याकडे हे कायदेशीर करून घेता येईल का रे? पुण्या-मुंबईचे लोक रांगा लावतील. तू तिकडे आहेस, जरा माहिती काढ.” त्याच्याखाली आपल्या दुसऱ्या मित्राचा, जो आजही पहाटे जाळी टाकायला जातो, दोन ओळींचा निरोप होता : “वागळी गावली तर आम्ही खातंव. मारून फेकून देवची तर मारूची कित्याक?”

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. कारण त्या होडीच्या नाळीवर मीही एकदा उभा राहिलो होतो. आज उत्तर देतो.

मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहतो. तिथे चेसापीक नावाचा उपसागर आहे. खरं तर तो एक प्रचंड खाडीच आहे, सुमारे तीनशे किलोमीटर लांबीची. आपल्या खाडीत जशी नदी आणि समुद्र एकमेकांत मिसळतात तसंच तिथे होतं, फक्त नद्या अनेक आणि मोठ्या. दर वर्षी मे महिन्यात तिथे हजारोंच्या थव्यांनी एक पाकट येते. तिला ‘काऊनोज रे’ म्हणतात, म्हणजे गायीसारख्या नाकाची पाकट. थोराड मादीचे पंख तीन फुटांच्या आसपास पसरतात. पोहताना पंखांची टोकं पाण्याबाहेर येतात, तेव्हा नवखा माणूस शार्क समजून घाबरतो. उन्हाळाभर त्या तिथे राहतात, जून-जुलैमध्ये वितात, आणि ऑक्टोबरपर्यंत दक्षिणेकडे निघून जातात. स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगात आवाजाचे संदेश देणारी छोटी यंत्रं बसवून माग काढला, तेव्हा कळलं की त्या हिवाळा फ्लोरिडात केप कॅनाव्हरलजवळ काढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक आपापल्या जुन्या नदीतच परत येतात. म्हणजे गणपतीला गावी येणाऱ्या आपल्या चाकरमान्यांसारखंच!

या पाकटीची तिथल्या इतिहासातही नोंद आहे. १६०८ साली इंग्रज दर्यावर्दी जॉन स्मिथ तिथे तलवारीच्या टोकाने मासे मारत होता. एका पाकटीने त्याच्या मनगटात काटा मारला. हात इतका सुजला की त्याच्या माणसांनी खड्डाही खणून ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याला उतार पडला, आणि रात्री त्याने तीच पाकट खाल्ली. त्या जागेला आजही ‘स्टिंगरे पॉइंट’ म्हणतात. टोचून मारलेली पाकट खाणारा तो आपल्या जाळीवाल्या मित्राच्या पंथाचा म्हणायचा.

आता धनुष्याबद्दल. बाणाने मासे मारण्याचा हा प्रकार तिथे जुना आणि लोकप्रिय आहे. बाण फायबरग्लासचा, जड, टोकाला उलटे काटे, मागे दोरी बांधलेली. दोरीचं रीळ धनुष्यालाच असतं. माझा शेजारी यात तरबेज आहे. तो कालवांची शेतीही करतो. सरकारकडून खाडीचा तुकडा भाडेपट्ट्याने घ्यायचा, तळावर कालवांची रोपं, म्हणजे इवलाली पिल्लं टाकायची आणि दोन-तीन वर्षांनी काढायची. पाकटी थव्याने येऊन ती छोटी कालवं फोडून खातात, असं त्याचं गाऱ्हाणं. “एका रात्रीत माझं वर्षाचं पीक गेलं,” असं त्याने सांगितलं, तेव्हा मला आपल्याकडच्या भातात शिरणाऱ्या रानडुकरांची आठवण झाली आणि मी मनापासून त्याच्या बाजूचा झालो.

जून महिन्यात एका रविवारी त्याने मला होडीतून नेलं. पॅटक्सेंट नदीच्या मुखाजवळ पाणी जेमतेम कमरेइतकं. थवा आला. माझे पहिले तीन बाण पाकटीच्या वरून गेले. शेजारी हसला आणि म्हणाला, “दिसते तिच्या खाली मार.”

सर, आपण इथे पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगतो. त्या क्षणी मला आपला नववीतला तास आठवला. आपण पितळी पातेल्यात चार आण्याचं नाणं ठेवलं होतं. आम्हाला इतकं मागे उभं केलं होतं की ते नाणं दिसेना. मग आपण पाणी ओतलं आणि नाणं दिसायला लागलं. आपण म्हणाला होता, “नाणं हललेलं नाही. पाण्यातली वस्तू दिसते तिथे नसते.” चार फूट खोल वस्तू वरून पाहिली तर तीन फुटांवर भासते, हे प्रकाशाच्या वक्रीभवनाचं गणित मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते. उपयोग मात्र पहिल्यांदा तिथे झाला. चौथा बाण मी खाली मारला आणि तो लागला.

पाकट ओढून होडीत घेतली. जड होती, मादी होती. फळीवर आपटता आपटता तिच्या पोटातून एक पिल्लू बाहेर आलं. पंख गुंडाळलेलं, तपकिरी, पूर्ण वाढलेलं. शेजाऱ्याने ते अलगद उचलून पाण्यात सोडलं. ते जगलं की नाही, ते मला माहीत नाही. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग तो म्हणाला, “जूनमध्ये हे असंच होतं.”

मी ती पाकट हट्टाने घरी नेली. आपल्या आईच्या हातचं पाकटीचं तिखलं डोळ्यांसमोर होतं. पण बर्फ नव्हता, आणि ऊन कडक होतं. पाकटीच्या मांसात युरिया असतो; ती लगेच साफ करून थंड केली नाही तर अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, हे इथल्या प्रत्येक कोळणीला ठाऊक आहे. माझ्यासारख्या शिकलेल्याला ते त्या संध्याकाळी कळलं. सगळं टाकून द्यावं लागलं. म्हणजे मी एक गाभण मादी मारली, तिचं पिल्लू अवेळी बाहेर काढलं आणि दोघांचाही कुणाला काही उपयोग झाला नाही.

यात मी कायदा मोडला होता का? अजिबात नाही, आणि मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे. मेरीलँडमध्ये त्या काळी या पाकटीला ना हंगाम होता, ना दिवसाला किती मारायच्या याची मर्यादा, ना आकाराचं बंधन. इतर मोलाच्या माशांसाठी वहीभर नियम, पण पाकट कुणाच्या खिजगणतीत नव्हती. त्याचा परिणाम म्हणजे दर जूनमध्ये तिथे स्पर्धा भरू लागल्या. कोणाची पाकट सर्वांत जड, त्याला बक्षीस. जूनमध्ये उथळ पाण्यातली सर्वांत जड पाकट म्हणजे कोण असणार? पोटात पिल्लू असलेली मादी. वजन झालं की पाकटी बहुधा फेकून दिल्या जात. २०१५ साली प्राणिमित्र संघटनांनी अशा स्पर्धेचं चित्रीकरण लोकांसमोर आणलं आणि गदारोळ झाला.

स्पर्धावाल्यांकडेही उत्तर तयार होतं आणि ते शास्त्राचं होतं. २००७ साली ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात कॅनडाचे रॅन्सम मायर्स आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला होता. त्याचं म्हणणं असं : माणसाने मोठे शार्क मारले, म्हणून शार्कांचं भक्ष्य असलेल्या पाकटी बेसुमार वाढल्या, आणि पाकटींनी नॉर्थ कॅरोलायनातली स्कॅलॉप नावाची शिंपली संपवली. साखळी इतकी सुबक होती की ती सगळीकडे पोचली. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात ‘उपसागर वाचवा, पाकट खा’ अशी मोहीम निघाली. धनुष्यवाल्यांना वाटलं, आपण पाकट मारतो म्हणजे खाडीची सेवाच करतो. मलाही तसंच वाटलं होतं.

मग २०१६ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे डीन ग्रब्स आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. त्यांना दिसलं की कालवं आणि शिंपल्यांची घसरण पाकटी वाढल्याच्या कथित काळाच्या आधीच सुरू झाली होती. पाकटींच्या पोटात कालवं फारशी सापडत नाहीत. आणि सगळ्यात सोपी गोष्ट : पाकट तेवढ्या वेगाने वाढूच शकत नाही.

हे गणित आपण इथे बसल्या बसल्या करू. या पाकटीची मादी सात-आठ वर्षांची झाल्यावर विते. गर्भ सुमारे अकरा महिने राहतो. एका वेळी पिल्लू एकच. संशोधकांना मिळालेली सर्वांत म्हातारी मादी एकवीस वर्षांची होती. म्हणजे पूर्ण आयुष्य लाभलं तरी एका मादीला बारा-तेरा पिल्लं, आणि तीही सगळी जगली तर. सुरमई किंवा बांगडा लाखांनी अंडी घालतो. पाकट मात्र जवळजवळ म्हशीच्या हिशेबाने पिल्लं देते. मासा म्हणून तिला मोजलं की चूक होते.

मग चेसापीकची कालवं गेली कुठे? तिथे एके काळच्या कालवांपैकी आता एक-दोन टक्केच उरली असावीत असं मानतात. त्याची कारणं आहेत शंभराहून अधिक वर्षं खरवडून केलेली लूट, तळावरच्या जुन्या शिंपल्यांचे ढीग नष्ट होणं, शेतांतून आणि शहरांतून येणारी घाण, आणि विसाव्या शतकाच्या मध्यात आलेले ‘डर्मो’ आणि ‘एमएसएक्स’ हे कालवांचे दोन रोग. पाकटी तर जॉन स्मिथच्या काळापासून तिथे आहेत, आणि तेव्हा कालवंही अमाप होती.

माझ्या शेजाऱ्याचं नुकसान मात्र खोटं नव्हतं. तळावर सुटी टाकलेली छोटी कालवं पाकट खाते. मोठी, जाड कवचाची कालवं तिच्या जबड्यात मावत नाहीत. त्यामुळे उपाय पिंजऱ्याचा आहे. पिल्लं मोठी होईपर्यंत जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची. पिंजऱ्याला पैसे लागतात, बाणाला कमी लागतात. पण पाकट मारून रोपं वाचत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी दुसरा थवा येतो.

२०१७ च्या सुरुवातीला मेरीलँडच्या विधिमंडळात स्पर्धांना मनाई करणारं विधेयक आलं. मी आमच्या भागातल्या प्रतिनिधीला दोन पानांचं पत्र लिहिलं, त्यात त्या रविवारची हकिकत जशीच्या तशी लिहिली. पाठवण्यापूर्वी ते शेजाऱ्याला वाचायला दिलं. त्याने वाचलं, परत दिलं आणि एवढंच म्हणाला, “तू माझ्या होडीत पाहुणा होतास.” त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. पत्र पाठवलं, याचं मला वाईट वाटत नाही. पण ज्याने मला विश्वासाने बरोबर नेलं त्याला दुखावलं, हेही खरं आहे.

कायदा झाला. १ जुलै २०१७ पासून दोन वर्षं स्पर्धा बंद, आणि तेवढ्या काळात राज्याने या पाकटीसाठी व्यवस्थापन आराखडा करावा असं ठरलं. २०१९ मध्ये ती मनाई पुढे वाढवली गेली. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या पाकटीला ‘असुरक्षित’ जातींच्या यादीत घातलं. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या : २०१७ च्या कायद्याने धनुष्यावर बंदी घातली नाही, बक्षिसांवर घातली. शेजारी आजही धनुष्य घेऊन जातो. तो आता ‘स्नेकहेड’ मारतो, म्हणजे आपल्या मरळीची परदेशी बहीण. ती २००२ साली मेरीलँडच्या एका तळ्यात सापडली आणि पुढे नद्यांत पसरली. ती बाहेरून आलेली, एका मोसमात हजारो अंडी घालणारी आणि खायला उत्तम. ती मारायला सरकारच प्रोत्साहन देतं. हत्यार तेच आहे, पण एका जिवाला ते झेपतं आणि दुसऱ्याला झेपत नाही. कालवं आता तो पिंजऱ्यात वाढवतो. आमचं बोलणंही पुन्हा सुरू झालं आहे. मरळीचं कालवण मी करतो आणि त्याला पोचवतो.

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाकडे येतो. मित्रा, तुझ्या धंद्याला माझा विरोध नाही. मोसमात चार महिने होडी बांधून ठेवावी लागते आणि कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने असतो, हे मला माहीत आहे. धनुष्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जाळ्यात जे येईल ते येतं. धनुष्यवाला एकच मासा बघून मारतो. त्या अर्थाने ते नेमकं हत्यार आहे. पण गळाला लागलेला मासा चुकीचा निघाला तर सोडता येतो, बाण लागलेला सोडता येत नाही. आणि वरून पाहणाऱ्याला पाण्यातली पाकट नर की मादी, गाभण की रिकामी, कुठल्या जातीची, हे कळत नाही. आपल्याकडे तर जातीचा प्रश्न मोठा आहे, कारण काही पाकटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. २००१ साली केंद्र सरकारने आधी सगळ्याच शार्क-पाकटींवर बंदी घातली होती. मच्छीमारांनी विरोध केल्यावर त्याच वर्षी ती मोजक्या जातींपुरती केली. एकदा सरसकट बंद, एकदा बहुतेक मोकळं. दोन्ही वेळा किनाऱ्यावर उतरणाऱ्या पाकटी कुणी बसून मोजल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून परवानगी मागायची असेल तर नुसतं ‘कायदेशीर करा’ एवढं मागू नये. मेरीलँडमध्ये ते कायदेशीरच होतं, आणि बिघडलं ते त्यामुळेच. मागायचं तर पाच गोष्टी एकत्र मागाव्यात : दिवसाला माणशी किती याची मर्यादा, विण्याच्या दिवसांत पूर्ण बंदी, मारलेली पाकट वापरलीच पाहिजे अशी अट, वजनाच्या स्पर्धांना मनाई, आणि प्रत्येक पाकटीची नोंद. यातली एकही नसेल तर माझं मत ‘नको’ असं आहे. आणि पाचही असतील, तर पर्यटकांच्या रांगा लागण्याइतक्या पाकटी मारायला मिळणार नाहीत, हेही तुला आजच सांगून ठेवतो.

त्यापेक्षा माझी एक सूचना आहे. आपली तुकडी शाळेला भेट म्हणून काहीतरी देणार आहेच. त्यातला थोडा भाग एका वहीसाठी आणि दोन मोजपट्ट्यांसाठी ठेवूया. आपला जाळीवाला मित्र तयार आहे, मी काल रात्री त्याला विचारलं. शाळेच्या नववीतली चार मुलं दर रविवारी सकाळी जेटीवर जातील. उतरलेली प्रत्येक पाकट मोजतील : पंखांची रुंदी, नर की मादी, पोटात पिल्लू होतं का. नर ओळखणं सोपं आहे, शेपटीच्या मुळाशी बोटांसारखे दोन अवयव असतात. पाकट ताजी, मेलेली, विकायला आलेली. त्यामुळे तिला वेगळा त्रास नाही. शेपटीचा काटा मात्र मुलांच्या आधी मोठ्यांनी काढायचा. दोन वर्षांत आपल्या खाडीच्या मुखाशी कोणत्या महिन्यात गाभण माद्या येतात, हे आपल्या शाळेला कळेल. मग परवानगी मागायची की बंदी, ते त्या वहीवरून ठरवू.

सर, मी आपल्याला हे आधी विचारायला हवं होतं, पण इथे सगळ्यांसमोर विचारतो. पहिल्या रविवारी मुलांबरोबर जेटीवर याल का? येताना ते पितळी पातेलं घेऊन या. ते अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, मी सकाळी पाहून आलो.